जावयाच्या बंदुकीची पिशवी

अकोल्याच्या किसनराव जीनगरानं माझ्यापुढं दारूगोळ्याच्या तीन पिशव्या मांडल्या आणि विचारलं, "बंदूक कोन्ती हाय, बाई?"

"ठासणीची," मी म्हणाले. "नळीतून दारू, वरून छर्रे, गजानं ठासाचं, टोपी लावाची अन् चाप ओढाचा. माह्या मालकाची होती. पंधरा वर्सं मीच भरून देल्ली त्याईले."

त्यानं मान वर करून माझ्याकडं नीट पाहिलं. बंदुकीची पिशवी घ्यायला बाईमाणूस त्याच्या दुकानात याआधी कशाला आलं असेल!

पहिली पिशवी सांबराच्या कातड्याची, बाभळीच्या सालीत कमावलेली. टोप्यांना वेगळा खण, आणि तो खण बरोबर उजव्या हाताशी. दुसरी म्हशीच्या कातड्याची, जाड आणि ओबडधोबड. तिसरी मात्र नवरीसारखी नटलेली. लाल गोंडे, पितळी बकल, वर रोगणाची चकाकी. मी तिच्याकडं हात नेला तसा किसनराव घाईनं म्हणाला, "ते नोका घेऊ. एका सायबानं भितीवर टांगाले करून घेतली होती, बदली झाली तं सोडून गेला. कमावलेलं कातडं नाई ते, मीठ लावून वाळवलं हाय. हवेत ओल आली का मीठ पानी ओढते. चार दिसांत दारू गार, टोपी गार. दिसाले झकास, पन कामाची नाई."

"हेच द्या," मी म्हणाले.

"कोनासाठी पाह्यजे?"

"जावयासाठी. शौकीन हायेत."

 त्यानं पिशवी कागदात बांधून दिली.

माझा जावई खुशालराव, भातकुलीकडचा. माझे मालक गेल्यावर रानडुकरांसाठी म्हणून त्यानं बंदुकीचा परवाना आपल्या नावावर करून घेतला आणि बंदूक उचलून नेली. सोबत मालकांची जुनी, ठिगळाची पिशवी गेली. तेवढ्यावरून त्याचा मान दुखावला. "सासरवाडीनं फाटकी पिशवी देल्ली," असं तो गावभर सांगत सुटला. माझ्या शालूला सातवा महिना लागला तेव्हा मी तिला आणायला पातूरहून बैलांची दमणी पाठवली. त्यानं ती रिकामी परत धाडली. निरोप दिला, नवी पिशवी येईल तेव्हा लेक माहेरी येईल. मी पुन्हा दमणी पाठवली, ती पण रिकामी आली. आणि आठव्या महिन्यात शालू गेल्याचा सांगावा आला. पाय घसरून पडली म्हणे. पोटातलं लेकरूही गेलं.

एका पिशवीपायी! तीन महिन्यांत त्यानं दुसरी बायको केली. वर्ष उलटलं आणि पत्र आलं. माझी नवी बायको वच्छला नवरात्रात येईल, दसऱ्याला मी न्यायला येतो, यंदा तरी पिशवी तयार ठेवा.

ठेवते की, म्हटलं मनात. ठासणीच्या बंदुकीचा पहिला बार घरून भरून नेतात. तो हुकला किंवा डुक्कर नुसतं जखमी झालं, तर दुसरा पिशवीतून भरावा लागतो. तेवढ्या वेळात जखमी डुक्कर अंगावर येतं. त्या वेळी टोपी उडाली नाही, तर माणूस उरत नाही. मला नेमकं तेच हवं होतं. लपवून काय करू? मला तो मेलेला हवा होता.

घटस्थापनेला वच्छला आली. आमच्यात रीत आहे, दुसरेपणावर दिलेली पोरगी पहिलीच्या आईबापांना आपलेच मानते. तिच्या गळ्यात शालूच्या नावाचा चांदीचा टाक होता आणि खांद्यावर माझ्या मालकांची ठिगळाची पिशवी. पोट पुढं आलेलं. वाकून पाया पडली, तशी पिशवी घसरून तिच्या पोटावर आपटली.

"हे तू काहून वाहून आनली?" मी विचारलं.

"नव्या पिशवीत सामान भराले धाडली. एरवी बी मीच वाहतो, माय. ते बंदूक घेऊन पुढं चालतात, मी पिशवी घेऊन मागं. हात मागं केला का पुडी द्याची, मंग टोपी द्याची." ती सहज सांगत होती. "शालूबाईले बी नेत होते. आठव्यात होती ना, डुक्कर उलटलं तं पळता आलं नाई तिले. बांधावरून पडली."

मी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. पाय घसरला म्हणे! वर्षभर मी त्या माणसाचं मरण डोळ्यांपुढं आणत होते, पण त्याच्या मागं कोण उभं असेल हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझे मालक आपली पिशवी आपल्याच खांद्यावर न्यायचे. मला वाटलं, सगळे पुरुष तसेच. ती गोंड्याची पिशवी मी या पोरीच्याच गळ्यात घालायला निघाले होते.

"कितवा?" मी विचारलं.

"सातवा." मग तिनं माझा पदर धरला. "माय, दसऱ्याले मले धाडू नोका."

त्याला मारणं आता जमणार नव्हतं. या पोरीचं कुंकू होतं ते. पण सूड मी सोडला नाही, फक्त त्याचं माप बदललं. खुशालराव जिवाइतकाच जपायचा असा एकच ऐवज होता, तो म्हणजे त्याचा मान.

आमच्या गावात सीमोल्लंघनाला दोन बार काढतात. एक देवीचा, तो घरून भरून नेतात. दुसरा गावाचा, तो सगळ्यांपुढं भरतात. त्या दिवशी बंदूकवाला जावई गावात असला, तर हा मान त्याचा. जुन्या पिशवीतल्या दारूच्या पुड्या आणि टोप्या मी नव्या पिशवीत भरल्या आणि ती नऊ दिवस पाण्याच्या रांजणावर टांगली. दसऱ्याला हात लावून पाहिला, कातडं घामेजलं होतं. वरून मी कोरड्या फडक्यानं छान पुसून घेतलं.

खुशालराव देवीचा बार घरूनच भरून आला. गोंडे पाहून भलताच खूश झाला. "आता शोभते," म्हणाला, आणि पिशवी वच्छलेच्या खांद्यावर अडकवली.

आपट्याच्या झाडापाशी सगळा गाव जमला होता. देवीचा बार दणक्यात उडाला. खुशालरावानं मिशीवर ताव देत मागं हात केला. वच्छलेनं पुडी दिली, छर्रे दिले. त्यानं ठासलं, टोपी लावली, चाप ओढला.

टच्.

दुसरी टोपी लावली. टच्. तिसरी. टच्. आधी पोरं हसली, मग बाया, मग म्हातारेसुद्धा. "बापू, फुंकर मारून पाहा!" कोणीतरी ओरडलं. खुशालरावाचं तोंड काळंनिळं झालं. तो गर्रकन वच्छलेकडं वळला. "टोप्या वल्या केल्या तुनं! शिकारीत पिशवी सांभाळता येते, अन् इथं येत नाई?" आणि त्यानं हात उगारला.

हसणं एकदम थांबलं. आमच्या नत्थुजी पाटलांनी पुढं होऊन त्याचा हात धरला. "पोटुशी बाई शिकारीत पिशवी वाहते तुमची?"

"वाहते," मी म्हणाले. "माही शालू बी वाहत होती. आठव्या महिन्यात. त्यानंच मेली." मग मी जावयापुढं जाऊन उभी राहिले. "टोप्या हिनं नाई, म्या वल्या केल्या. हे पिशवी मिठाच्या कातड्याची हाय. तुले डुकरापुढं माराले घेतली होती म्या. वाचला तू, तं या पोरीमुळं वाचला. आता ते माह्या घरी राहीन. पह्यलं बाळंतपन माहेरीच होत असते."

त्यानं पाटलांकडं पाहिलं. पाटलांनी तोंड फिरवलं. त्यानं गावाकडं पाहिलं, तर एकाही माणसानं त्याला आपट्याचं पान दिलं नाही.

मी वच्छलेच्या खांद्यावरची पिशवी काढली आणि त्याच्या गळ्यात घातली. "आहेर हाय. घेऊन जाय."

तो गेला. बंदूक त्याची त्यानं उचलली, पिशवीही. लाल गोंडे पार दूरपर्यंत दिसत होते.

पौषात वच्छलेला मुलगी झाली. त्यानंतर त्यानं दोनदा दमणी पाठवली. दर वेळी मी वच्छलेला विचारलं आणि दर वेळी तिनं नाही म्हणून मान हलवली. बैलांना कडबा घातला, गाडीवानाला जेवू घातलं, आणि दोन्ही वेळा मी दमणी रिकामी परत पाठवली.