जोडीची गोळी

स्नेहलतागंजात ब्लाउज म्हणजे आनंदीबाईंच्या हातचा. त्या माप घ्यायच्या, लिहायच्या काही नाहीत, चहा पिऊन आल्या की सरळ कापडाला कात्री लावायच्या. माप डोक्यात पक्कं. याचा त्यांना तोरा होता, आणि का नसावा?

मग शुगर आली. आधी नवऱ्याला, धोंडिबांना, मागोमाग बाईंना. दोघांच्याही तळपायांची आग व्हायची. तुकोगंजातल्या दवाखान्यात मात्र जायचे एकटे धोंडिबा. "घरात पण सेम आहे," असं सांगून दोघांना एकच गोळी आणायचे. हा कुठला न्याय, त्यांनाच ठाऊक. त्यांची आग निवली. बाईंची काही निवेना, वर डोकं जड राहू लागलं, बोलता बोलता शब्द सापडेनात.

"उमर झाली, अगं. मला बघ, एकदम आराम आहे," धोंडिबा म्हणायचे.

"तुमचे पाय तुमचे," बाई पुटपुटायच्या आणि तीच गोळी गिळायच्या.

नातीचं, मैत्रीचं, लग्न ठरलं. लग्नाचा ब्लाउज आजीच शिवणार, हे ती शाळेत होती तेव्हापासून ठरलेलं. बाईंनी माप घेतलं, आणि कापड पसरेपर्यंत ते डोक्यातून साफ पुसलं गेलं. पुन्हा घेतलं, पुन्हा गेलं. आणखी विचारायची लाज वाटली, म्हणून अंदाजानं कात्री मारली आणि रेशमाची पार वाट लावली.

सून हळूच म्हणाली, "आई, बुटीकला देऊन टाकू का? तुम्ही टेन्शन नका घेऊ."

अख्ख्या घराण्याचे ब्लाउज शिवलेली बाई, आणि नातीचा ब्लाउज परक्यानं शिवायचा? दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच रिक्षात बसून तुकोगंजातल्या दवाखान्यात गेल्या.

"काकू, तुम्ही आधी कधी आला नाहीत?" तरुण डॉक्टर पद्मजानं विचारलं.

"माझं दुखणं यायचं. मी नव्हते येत."

पद्मजानं त्यांचे तळपाय नीट तपासले, झोपेचं विचारलं, विसरण्याचं विचारलं. मग म्हणाली, "बायकांना ही आग बऱ्याचदा जास्त छळते. एकाला लागू पडलेलं औषध दुसऱ्याला पडेलच असं नाही. आणि बायकांवर याचा अभ्यासही कमीच झालाय."

"म्हणजे माझं डोकं नाही गेलं?"

"आग आहे, झोप नाही, त्यात या गोळीची सुस्ती. कोणीही विसरेल. औषध बदलू, शुगर आवरू, मग बघू. सगळं परत येईल असं वचन मात्र नाही देत."

सगळं आलंही नाही. शेजारणींची नावं अजून अडतात. पण झोप लागू लागली, आग उतरली, आणि एका सकाळी बाईंनी मैत्रीचं माप घेतलं, निवांत चहा प्यायला, नव्या रेशमाला कात्री लावली. ब्लाउज असा बसला की सुनेनं बुटीकचं नाव पुन्हा काढलं नाही.

लग्नाच्या हॉलमध्ये धोंडिबा भेटेल त्याला सांगत होते, "आमच्या बाईनं शिवलाय, डोक्यातल्या मापानं." तेवढ्यात त्यांचा मित्र श्रीराम जवळ आला. "भिया, बायकोच्या पायांची फार आग होते. तुझ्या गोळीचं नाव सांग ना."

"माझी गोळी तिला कशाला?" धोंडिबा म्हणाले. "तिला घेऊन जा. आणि तिथं तू गप्प बस, तिला बोलू दे."

आनंदीबाईंनी ऐकलं. पदर सारखा केला आणि मान ताठ ठेवून मुद्दाम दुसरीकडे बघितलं.