परक्याचं मढं

प्रेमिला घाटोळे कार्पोरेशनच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवायची. वय एकोणचाळीस, त्यातली अठरा वर्षं वैधव्यात गेलेली. नागपुरात सीताबर्डीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या भाड्यानं घेऊन ती एकटी राहायची. नवऱ्याचा खून झाला, पदरी मूल नाही, तरी बाई खचली नाही, मास्तरीण झाली, म्हणून गल्लीत तिला मान होता. कोणी तसं तोंडावर बोललं की ती खाली बघायची. लोकांना तो तिचा विनय वाटायचा.

१९८२ च्या दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी तिचे थोरले दीर मनोहरराव गावाहून एस्टीनं आले. डोक्यावरची टोपी काढली नाही, पुढे केलेलं पाणी घेतलं नाही.

"प्रेमिला, चंपत मेला," ते म्हणाले.

दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, म्हाताऱ्याचं चित्त ठिकाणावर नाही. कारण चंपत, म्हणजे प्रेमिलेचा नवरा आणि मनोहररावांचा धाकटा भाऊ, चौसष्ट सालीच मेला होता. मनोहररावांनी स्वतः त्याला अग्नी दिला होता. पण प्रेमिलेला तसं वाटलं नाही. ती हळूच खाटेच्या काठावर बसली.

"मांगच्या सोमवारी मेला. भिलाईले. तिथं त्यानं दुसरं घर केलं होतं. बायको हाय, दोन पोरं हायेत. मोठ्या पोरानं कार्ड टाकलं, बापाच्या पेटीत माहा पत्ता भेटला म्हणते." मनोहररावांचा आवाज फाटला. "मंग आपण जाळला तो कोण होता? कोनाच्या लेकराले अग्नी देल्ला म्या?"

 त्यांना तिच्याकडून उत्तर नको होतं. आपण दोघंही फसलो, असंच ते धरून चालले होते. जाताना दारात थांबून म्हणाले, "तुही काही चूक नाही. पोर होती तू तवा."

मनोहरराव सरळ माणूस. तिच्याकडून निघाले ते ते कार्ड घेऊन थेट पोलीस ठाण्यात गेले.

चौसष्टच्या मार्चमध्ये चंपत भांडून घरातून निघून गेला होता. पहिला महिना सगळे म्हणाले, येईल. दुसऱ्या महिन्यात प्रेमिला विहिरीवर गेली की बायका बोलणं थांबवू लागल्या. सासू तर तोंडावर म्हणायची, "तुह्यातच काही खोट असंन. नाही तं सोन्यासारखा पोरगा घर काहून सोडते?" माहेरून निरोप आला की इकडे यायचं मनात आणू नकोस, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं आहे.

मे महिन्यात कळमन्याच्या पलीकडे एका पडक्या विहिरीत पुरुषाचं प्रेत सापडलं. डोकं दगडानं ठेचलेलं, चेहरा उरलाच नव्हता. वय आणि उंची चंपतएवढी. पोलिसांनी घाटोळ्यांना बोलावलं. मुडदाघराच्या दारातून मनोहरराव तोंडाला पंचा लावून मागे फिरले. एकवीस वर्षांची प्रेमिला एकटी आत गेली.

वर बघवेना म्हणून तिनं पाय बघितले. डाव्या पायाला करंगळी नव्हती. जखम ताजी नव्हती, फार जुनी होती. पार भरून आलेली, वर गुळगुळीत कातडी. चंपतचे पाय तिनं रोज चेपले होते. हा चंपत नव्हे, यात तिला तेव्हाही तिळमात्र शंका नव्हती.

"बाई, हेच का?" शिपायानं विचारलं. त्याला घाई होती.

तिच्या डोळ्यांपुढे सासू आली. विहिरीवरच्या बायका आल्या. नवऱ्यानं टाकलेली म्हणून सगळा जन्म काढायचा, हे आलं.

"हो," ती म्हणाली. "तेच आहेत."

त्या दिवशी सासूनं तिला पहिल्यांदा पोटाशी धरलं. सासरा वर्षभरानं म्हणाला, पोरीला शिकू द्या, तिचं कोण आहे आता. तिचं ट्रेनिंग, तिची नोकरी, गल्लीतला मान, सगळं त्या एका 'हो'मधून आलं. पोलिसांनी चंपतसोबत पत्ते खेळणाऱ्या एकाला आठ दिवस आत ठेवून मारलं आणि सोडून दिलं. त्या माणसाचं नावही तिला आता आठवत नव्हतं.

मनोहरराव येऊन गेल्यावर पंधरा दिवसांनी फौजदार रवींद्र कडू तिच्या घरी आले. तिशीचे, बोलायला मऊ. सोबत एक जुनी फाईल होती, वाळवीनं कडा खाल्लेली.

"बाई, तुम्हाला त्रास द्यायची इच्छा नव्हती," ते म्हणाले. "पण तेव्हा जाळलेला माणूस आता बेवारस झाला आहे. त्या साली आसपासच्या ठाण्यांत जितकी माणसं हरवल्याची नोंद होती, ती सगळी मी काढली. कुहीकडच्या चिंचाळा गावचा एक आहे, लटारी भोयर. गावची मिरची विकायला नागपुरात आला, तो परतलाच नाही. त्याच्या आईनं अर्जात लिहून दिलं आहे की डाव्या पायाची करंगळी लहानपणीच तुटली."

प्रेमिलेनं हात पदराखाली घेतले.

"आपल्या पंचनाम्यातही एक ओळ आहे: 'डाव्या पायाची करंगळी नाही, पाण्यातल्या जिवांनी खाल्ली असावी.' डॉक्टरांचा कागद वाळवीनं नेला. तेव्हाचे पंच वारले. आता फक्त तुम्ही आहात. जखम ताजी होती की जुनी, एवढं आठवतं का?"

उत्तराची वाट न बघता त्यांनीच तिची सुटका केली. "नसेल आठवत तर राहू द्या. अशा वेळी माणूस कुठे बघतो! चूक कोणाचीही होते."

"नाही आठवत," ती म्हणाली.

उठता उठता ते म्हणाले, "म्हातारी अजून जिवंत आहे. दरवर्षी पोळा झाला की कुहीच्या ठाण्यात येते आणि विचारते, पोराचं काही कळलं का."

पुढचे आठ दिवस प्रेमिलेनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. चंपतची बातमी शाळेत पोहोचली होती. मधल्या सुट्टीत सिंधूताईंनी आपल्या डब्यातली पुरणपोळी तिच्या ताटलीत वाढली आणि डोळे पुसत म्हणाल्या, "काय माणूस हो तो! एका बाईला दोनदा विधवा केलं. तुमच्यासारखी सोसणारी दुसरी बघितली नाही मी." बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. प्रेमिलेच्या तोंडात घास तसाच राहिला. कोणी शिव्या दिल्या असत्या तर तिनं निमूट ऐकून घेतल्या असत्या. ही पुरणपोळी तिला गिळता येईना. ती उठली, मोरीवर जाऊन तोंड धुतलं आणि अर्ध्या दिवसाची रजा लिहून ठाण्यात गेली.

"जखम जुनी होती," ती कडूंना म्हणाली. "पूर्ण भरलेली."

"आठवलं?"

"विसरलेच नव्हते. तेव्हाही माहीत होतं की हा माझा नवरा नाही."

कडूंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.  मग म्हणाले, "हे सगळं असंच लिहू?"

"असंच लिहा."

त्यांनी तिला साहेबांपुढे नेलं. साहेबांनी खुर्ची दिली नाही. "बाई, तुमच्या एका शब्दामुळे खून करणारा अठरा वर्षं मोकळा फिरला," ते म्हणाले. "आता तो सापडायचा नाही. तुमच्यावर खटला भरता येईल की नाही ते मी बघतो, पण तुम्ही मास्तरीण आहात, हे ऐकून मलाच कसंतरी झालं." प्रेमिला उभी राहून सगळं ऐकत होती.

बाहेर आल्यावर तिनं कडूंना विचारलं, "त्यांच्या आईला कोण सांगणार?"

"मी जातो उद्या."

"मी येते."

चिंचाळ्याला रुखमाबाई भोयर घराच्या उंबऱ्यापाशी बसून मिरच्यांची देठं खुडत होती. सत्तरीची, वाळलेली, पण नजर धड होती. कडू साध्या कपड्यांत होते. ते बोलायला लागले तसं प्रेमिलेनं त्यांना हातानं थांबवलं आणि म्हातारीपुढे जमिनीवर बसली.

"माय, तुमच्या लटारीची करंगळी कशानं तुटली होती?"

"कुऱ्हाडीनं. सात वर्साचा होता. माह्यासंगं सरपण फोडत होता." म्हातारीनं मान वर केली. "तू कोण वं?"

"मी त्याला बघितलं आहे. चौसष्ट साली, नागपूरला. मेलेला होता, माय. कोणी मारून विहिरीत टाकला होता."

म्हातारीचे हात थांबले. मग पुन्हा देठं खुडू लागले. 

"जाळला का गाडला?"

"जाळला. गंगाबाई घाटावर."

"लाकडं पुरली?"

"पुरली."

"अग्नी कोनं देल्ला?"

"माझ्या थोरल्या दिरांनी. आमचा माणूस समजून." प्रेमिलेनं नजर वर केली. "ते समजले तसं. मी नाही. मला माहीत होतं की हा दुसऱ्या कोणाचा आहे. तरी मी हो म्हणाले. माझा नवरा मला टाकून गेला होता, ते लोकांना कळू नये म्हणून."

"रडली तू?"

"रडले."

"लटारीसाठी?"

"नाही," प्रेमिला म्हणाली. "लोकांसाठी."

रुखमाबाईनं हातातली मिरची सुपात टाकली. तिखटाचे हात लुगड्याला पुसले, भिंत धरून उठली. "चाल," म्हणाली. "हे माह्या घरात नोको सांगू. मले काय करायचं आता! चार लोकांत सांग."

मारुतीच्या पारावर दुपारची माणसं बसली होती. म्हातारीनं प्रेमिलेला मधोमध उभं केलं आणि आपण बाजूला झाली. "आयका गा सारे. नागपूरची बाई हाय. लटारीचं सांगते."

प्रेमिलेनं सांगायला सुरुवात केली. रोज साठ पोरांना शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू जाणारा तिचा आवाज, पण तो पुढच्या माणसांपलीकडे गेला नाही.

"मोठ्यानं बोला, बाई," मागून कोणी तरी म्हणालं.

तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पाय, करंगळी, 'हो, तेच आहेत', सगळं. घरांच्या दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. एक म्हातारा थुंकला आणि म्हणाला, "शिकलेली बाई हाय म्हणते!" कोणी त्याला गप्प केलं नाही. आपलं तोंड कुठे लपवावं हे तिला कळेना, पण पदर तिनं डोळ्यांवर ओढला नाही.

मग रुखमाबाई बोलली, प्रेमिलेशी नाही, पारावरच्यांशी. "तुम्ही काय म्हनत होते गा? लटारीनं नागपुरात बाई ठेवली. लटारीनं मायले टाकलं. त्याची बायको ह्याच बोलण्यानं पाट लावून गेली. अठरा वर्सं म्या आयकलं. माहं पोरगं घराकडंच येत होतं गा. वाटेत मारलं त्याले."  पारावरच्या दोघातिघांनी माना खाली घातल्या.

एस्टीच्या थांब्यापर्यंत म्हातारी त्यांच्यासोबत आली. प्रेमिला तिच्या पाया पडायला वाकली तर तिनं पाय मागे घेतले.

"माफी गिफी काही नाही माह्याजवळ, बाई. तू आली, हे बरं केलं. आता पुन्हा येऊ नोको."

खून करणारा सापडला नाही. साहेबांनी खटला भरला नाही. फार जुनं प्रकरण म्हणून वरून कागद परत आला. फाईलवर मात्र चंपत घाटोळेचं नाव खोडून लटारी भोयर लिहिलं गेलं, आणि कडूंनी त्याच्या मृत्यूचा दाखला चिंचाळ्याला नेऊन दिला. प्रेमिलेनं शाळेत मुख्याध्यापिकेला आपण होऊन सगळं सांगितलं. नोकरी राहिली. सिंधूताई आता दुसऱ्या खोलीत डबा खायला बसतात. मनोहररावांना तिनं पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. पुतण्याकडून एवढंच कळलं की पितृपक्षात त्यांनी लटारीच्या नावानं पाणी सोडलं.

त्यानंतरच्या मे महिन्यात, ज्या दिवशी ते प्रेत सापडलं होतं त्या दिवशी, प्रेमिलेला चिंचाळ्याला जावंसं फार वाटलं. म्हातारीची तब्येत बरी नाही, असं कडू म्हणाले होते. ती सकाळीच आवरून बसली. पिशवीत म्हातारीसाठी घेतलेलं नवं लुगडं होतं. दहाची एस्टी होती. साडेनऊला तिनं पिशवी खुंटीला अडकवली आणि घरातच राहिली. येऊ नको म्हणून सांगितलं होतं.