खिळे ठोकलेली खिडकी

मोनाली कांबळे इंदापूरला नर्स म्हणून आली, तेव्हा तिनं हट्टानं जुन्या गावात खोली घेतली. वडिलांना ती नव्या वसाहतीत राहावी असं वाटत होतं. पण गल्ली तिला बघताक्षणी आवडली होती. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं, इतकी ती अरुंद. पायाखाली पिढ्यान्‌पिढ्यांनी गुळगुळीत केलेली फरशी, दारांवर कोरीव वेलबुट्टी, आणि वरचे मजले एवढे जवळ की या खिडकीतून त्या खिडकीत वाटी देता यायची.

समोरच्या माडीवर रतन राहायची. तिचा नवरा भीमा ट्रक चालवायचा, तो वर्षापूर्वी आजारानं गेला होता. खाली सासू द्वारकाबाई. मोनाली ड्युटीवरून आली की रतन हात लांब करून कधी शेंगदाण्याची चटणी द्यायची, कधी कढीपत्ता. बोलताना सारखी खोकायची. छातीचा फोटो काढून घे, असं मोनालीनं सांगितलं, तर तिनं विषय बदलला.

दिवाळीला मोनाली घरी गेली. परत आली तेव्हा समोरच्या खिडकीवर आडव्या फळ्या होत्या आणि त्यांत नवे, चकचकीत खिळे. द्वारकाबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. रतन माहेरी वरकुट्याला गेली, आता तिकडंच राहणार, असं त्यांनी मान वर न करता सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोनाली अंथरुणावर पडली असताना फळ्यांमागून खोकला ऐकू आला. तोच, शेवटी धाप लागणारा. ती खिडकीशी गेली. हाक मारली, तसा खोकला थांबला. कुणीतरी तोंडावर पदर दाबून धरावा तसा.

तिनं शेजारी विचारलं. शेजारीण म्हणाली, मांजर असेल. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, जुनी घरं आहेत, आवाज कुठून येतो कळत नाही. दोघंही गोड बोलले, तिला चहा दिला. घरी परतताना मात्र तिला वाटलं, दारादारातून आपल्यावर नजर आहे.

दवाखान्यात वरकुट्याचा एक पेशंट होता. त्याच्या हाती तिनं रतनच्या भावाला, सिद्धूला, निरोप धाडला. तो दुसऱ्या दिवशीच आला. बहीण माहेरी आलीच नव्हती. उलट ती कामासाठी पुण्याला गेल्याचं द्वारकाबाईंनी त्याला कळवलं होतं.

सिद्धू मोनालीला घेऊन जिना चढू लागला, तशा द्वारकाबाई आडव्या आल्या. त्यानं त्यांना बाजूला केलं आणि माडीच्या दाराची कडी काढली. आत अंधार होता. कोपऱ्यात पाण्याची घागर, झाकलेली भाकरी, आणि गोधडीत रतन. उजेड आला तसे तिनं डोळे झाकून घेतले.

"मी उपाशी ठिवली न्हाय तिला," द्वारकाबाई जिन्यातच बसून म्हणाल्या. "रक्त तपासलंय तिचं. भीमा ज्यानं गेला तेच हाय. गल्लीत कळलं असतं तर आमाला कुणी दारात तरी उभं केलं असतं का?"

सिद्धूनं बहिणीला पाठीवर घेतलं. गल्लीत सगळी दारं उघडी होती आणि दारांत कुणीही नव्हतं.

दवाखान्याकडं जाताना रिक्षात रतननं मोनालीचा हात धरला.

"पयल्या दिवशी लई हाका मारल्या सिस्टर. तवा खालच्या अंगाला कुणीतरी रेडिओ मोठा केला. मग तुमी येईस्तवर रोज दुपारचा लावायचे."

कुणी, हे मोनालीनं विचारलं नाही. रतननंही सांगितलं नाही.

एड्स बरा होणारा नव्हता, पण उपचारांनी रतनचा खोकला कमी झाला. ती भावाकडं वरकुट्यात पुढं तीन वर्षं जगली, शेवटपर्यंत त्याच्या अंगणात उघड्यावर झोपायची. रतन सुटली त्याच महिन्यात मोनालीनं खोली सोडली. सामान टेंपोत चढवताना शेजारीण आली, गल्ली सुनी होईल म्हणून तिनं डोळ्यांना पदर लावला. मोनालीनं तिच्याकडं पाहिलं आणि नमस्कार न करताच ती टेंपोत बसली.