जोसेफीनची बादली

जोसेफीनचा नवरा डेन्झिल दोहा सोडून कायमचा वसईला परत गेला, तेव्हा जाताजाता तिला दोन गोष्टी बजावून गेला. डिसेंबरपर्यंत राजीनामा देऊन तिनंही परत यायचं, आणि कपाटावरच्या बिअरच्या किटला हात लावायचा नाही. तुला जमणार नाही, उगाच नासवशील, असं तो म्हणाला होता.

ते किट त्याच्या ऑफिसातल्या एका इंग्रज साहेबानं दोहा सोडताना त्याला दिलेलं. झाकणाची मोठी बादली, माल्टच्या घट्ट पाकाचा डबा, यीस्टची पुडी आणि एक छापील कागद. आपण घरी बिअर कशी करणार, ते डेन्झिल दोन वर्षं येईल त्या पाहुण्याला रंगवून सांगत होता. केली मात्र कधीच नाही. मग कंपनीनं माणसं कमी केली आणि त्यात त्याची नोकरी गेली. जोसेफीनची शाबूत होती. हॉस्पिटलच्या डायलिसिस वॉर्डात तिला बावीस वर्षं झाली होती.

ऑगस्टमध्ये मेट्रननं तिला वॉर्डची इनचार्ज होतेस का, असं विचारलं. तिनं अल हिलाल भागातल्या आपल्या फ्लॅटवर येऊन मोठ्या उत्साहानं डेन्झिलला फोन लावला. तो म्हणाला, आता या वयात कसली इनचार्ज, मी इथे सगळ्यांना सांगून बसलोय की तू येतेयस. असंच एकदा पूर्वीही झालं होतं, मुलगी क्रिस्टी शाळेत असताना. तेव्हा तिनं मुकाट्यानं मेट्रनला नकार दिला होता. या वेळी तिनं फोन ठेवला, स्टूल ओढलं आणि किट खाली काढलं.

घरी दारू करणं इथे गुन्हा होता. सापडली असती तर इनचार्जपद राहिलं बाजूला, थेट विमानात बसवलं असतं. हा शुद्ध वेडेपणा आहे, हे तिला कळत होतं. वरच्या मजल्यावरच्या प्रिसिलानंही तेच सांगितलं. जोसेफीननं तिचं सगळं ऐकून घेतलं आणि पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं.

कागदावर स्वच्छतेबद्दल बरंच लिहिलं होतं. ते वाचून तिला हसू आलं. जंतू कसे मारायचे हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. बादली, चमचा, थर्मामीटर, सगळं तिनं वॉर्डातल्या शिस्तीनं निर्जंतुक केलं. डबा गरम पाण्यात ठेवला तेव्हा पाक सैल झाला. काकवीसारखा काळा, पण वासाला भाजलेल्या पावासारखा. साखर, उकळतं पाणी, मग गार पाणी घालून तिनं ते सारखं केलं, वर यीस्ट भुरभुरवलं आणि झाकण घट्ट लावलं. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आली तर झाकणावरच्या नळीतून बुडबुड सुरू झाली होती. युनिफॉर्मही न बदलता ती बादलीपुढे बसून राहिली.

चौथ्या दिवशी एसी बंद पडला. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि बादलीला हवी होती वीस-बावीस. प्रिसिला म्हणाली, खलास, आता ओतून टाक, सुटलीस. जोसेफीननं बादली बाथरूममधल्या टबात ठेवली, भोवती गार पाणी भरलं, घरातला सगळा बर्फ त्यात सोडला आणि झाकणाखाली ओला टॉवेल गुंडाळला. मग बाथरूमचं दार ओढून घेऊन तिनं एसीवाल्याला बोलावलं.

मजीद नावाचा तो मेकॅनिक तासभर खटपट करत होता. मध्येच त्यानं कान टवकारले. "मॅडम, अंदर पानी टपक रहा है. देख लूँ?"

"नहीं," जोसेफीन म्हणाली, "उसको टपकने दो."

त्यानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं आणि पुन्हा एसीत डोकं घातलं. जाताना अरबीत 'शुक्रन' असे आभार मानून निघून गेला. त्याला कळलं की नाही, हे तिला शेवटपर्यंत समजलं नाही. ती मात्र बराच वेळ खुर्चीत बसून होती. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की बादली ओतून टाकावी, असं त्या तासाभरात तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेट्रनकडे गेली आणि होकार देऊन आली.

बुडबुड थांबल्यावर तिनं बिअर बाटल्यांत भरली आणि दोन आठवड्यांनी, एका शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिसहून आल्यावर, प्रिसिलासमोर पहिली बाटली उघडली. फेस ग्लासच्या काठाबाहेर आला. बिअर जरा गढूळ होती आणि तिला चक्क पिकल्या राजेळी केळ्यांचा वास येत होता. त्या उष्णतेनंच तो आला असावा. प्रिसिला नाही-नाही म्हणत अर्धा ग्लास प्यायली आणि पुढ्यातला ग्लास पुन्हा पुढे केला.

संध्याकाळी डेन्झिलचा व्हिडिओ कॉल आला. जोसेफीननं ग्लास लपवला नाही. आधी त्याला ते काय आहे तेच कळेना. कळल्यावर तो संतापला. माझं किट, मी सांगून गेलो होतो, उद्या पोलीस आले म्हणजे, असं पुष्कळ बोलला. तिनं त्याला बोलू दिलं.

"राजीनामा कधी देतेयस?" शेवटी त्यानं विचारलं.

"देत नाही. मी इनचार्ज झालेय. एक तारखेपासून."

"आणि मी इथे एकट्यानं काय करायचं?"

"तुला यायचं असेल तर ये. माझ्या नावावर तुझा व्हिसा होतो का, ते मी विचारून आलेय. कागद मी भरते."

नवऱ्यानं बायकोच्या व्हिसावर यायचं, हे डेन्झिलच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. स्क्रीनवर त्याच्यामागे घराची ओटी दिसत होती, तिथून कोणीतरी त्याला हाक मारत होतं. तो वळला नाही.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला.

"सांग," जोसेफीन म्हणाली. "पण माझं ठरलंय."

तिनं फोन ठेवला आणि उद्याच्या ड्यूटीसाठी युनिफॉर्मला इस्त्री करायला घेतली.