प्रश्नावर घातलेली शाल

सत्काराच्या दिवशी सगळे बोलतात. पाहुणे बोलतात, अध्यक्ष बोलतात, मानपत्रसुद्धा कोणीतरी वाचून दाखवतं. शालीला मात्र कोणी विचारत नाही की बाई, तुला काय वाटलं. म्हणून आज न विचारताच बोलते. मी मरून रंगाची, दोन्ही काठांना सोनेरी पट्टी असलेली शाल आहे. तुम्ही मला ओळखता. तुमच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यातही माझी एखादी बहीण पडलेली असेल, अजून घडीतच.

माझा जन्म उत्तरेकडच्या कुठल्याशा गावी यंत्रमागावर झाला. अंगात लोकरीचा एक धागा नाही, सगळं कृत्रिम सूत. पिशवीवर मात्र बर्फाच्या डोंगराचं चित्र. त्याची मला थोडी लाज वाटते. पण चित्र कुठलं छापायचं हे काही माझ्या हातात नव्हतं.

पुढे मी अंधेरीला, ट्रॉफ्या आणि सन्मानचिन्हं विकणाऱ्या एका दुकानात आले. तिथे मोठ्या शालींकडून मला आमच्या जातीचं आयुष्य कळलं. खांद्यावर यायचं, फोटो निघेपर्यंत थांबायचं, टाळ्या संपल्या की पुन्हा त्याच घडीवर मिटायचं. घरी गेल्यावर बाई म्हणते, "परत शाल? नारळात पाणी तरी आहे का बघा." मग वर्षभराने दुसऱ्या कोणाचा सत्कार निघतो आणि आपली रवानगी तिकडे होते. काहीजणी अशा पाच-सहा खांद्यांवरून फिरून आलेल्या होत्या. ऊब कोणालाच दिली नव्हती.

मला गठ्ठ्याने विकत घेतलं ते घरांत गुंतवणूक कशी करावी हे शिकवणाऱ्या एका संस्थेने. शाळा-कॉलेज नाही, मंडळ नाही, मग यांना शाली कशाला, हे मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं. निदान कळतं असं वाटतं.

तो रविवार होता. अंधेरीतल्या एका हॉटेलचा तळघरातला हॉल. प्रवेश मोफत. छाती धडधडेल इतक्या जोरात गाणी लावलेली. व्यासपीठावर चंद्रप्रकाशजी. तिथे सगळे त्यांना 'कोच' म्हणत. सूट घातलेला, गालावर माइकची काडी.

"किती जणांना वाटतं की आपण यापेक्षा जास्त डिझर्व्ह करतो? हात वर! अर्धा नाही, पूर्ण हात! आता शेजाऱ्याला टाळी द्या आणि म्हणा, तू करू शकतोस!"

पहिल्या रांगेत एक वयस्कर गृहस्थ बसले होते. पांढरा बुशशर्ट, खिशाला पेन. त्यांनी शेजारच्या अनोळखी तरुणाला टाळी दिली आणि हळूच म्हणाले, "आपण करू शकता." ते डॉ. नंदकिशोर. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, विलेपार्ल्यात दोन खोल्यांत राहणारे. पुढे मी त्यांच्याच घरी गेले, म्हणून हे सगळं मला माहीत.

ते तिथे का आले, हेही घरी गेल्यावर कळलं. त्यांचा मुलगा मुकुल मुलुंडला भाड्याने राहतो. दर अकरा महिन्यांनी करार संपतो, मग नवा दलाल, नवं डिपॉझिट, तेच खोके पुन्हा बांधायचे. सरांच्या बरोबरच्या प्राध्यापकांनी वेळेवर बोरिवलीला, मुलुंडला दुसरी घरं घेऊन ठेवली. त्या वर्षांत सर प्रबंध लिहीत होते. "एवढं शिकलो आणि पोराला एक भिंत देता आली नाही," असं ते सुनंदाबाईंना, म्हणजे पत्नीला, अधूनमधून म्हणत. त्या म्हणत, "पोराने मागितलीय का?" पण ते काही त्यांच्या मनातून जात नसे.

तर हॉलमध्ये चंद्रप्रकाशजींनी काही माणसं व्यासपीठावर आणली. एक रिक्षावाला होता, आता म्हणे तीन फ्लॅटचा मालक. एक गृहिणी होती, ती घरबसल्या भाडं खाते. टाळ्या, शिट्ट्या. तेवढ्यात सरांनी हात वर केला. पूर्ण नाही, अर्धाच.

"एक शंका होती. ही यशस्वी मंडळी आपण दाखवलीत. पण आपला कोर्स एकूण किती जणांनी केला, आणि त्यातले हे किती?"

प्रश्न साधा होता. त्याचं उत्तर आलं असतं तर पुष्कळ लोक घरी गेले असते.

चंद्रप्रकाशजी हसले. "सर, आपण काय करायचात?"

"संख्याशास्त्र शिकवायचो."

"ऐका मंडळी, प्रोफेसर! ज्या हॉलमध्ये गुरू खाली बसलेत तिथे मी वर उभा राहणं शोभत नाही. शाल आणा रे!"

आणि मी गठ्ठ्यातून निघाले. सरांना वर नेलं. मला त्यांच्या खांद्यांवर पांघरलं. चंद्रप्रकाशजी वाकून पाया पडले. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. माझ्या खाली सरांचे खांदे आधी आखडले आणि मग, मला स्पष्ट जाणवलं, सैल पडले. निवृत्तीनंतर त्यांना इतक्या लोकांनी एकदम पाहिलं नव्हतं. प्रश्न तिथेच राहिला, माझ्याखाली. पुन्हा तो कोणी काढला नाही. त्यांनीही नाही.

"सर, दोन शब्द!"

आयुष्यभर संमेलनं आणि निरोपसमारंभ केलेल्या माणसाच्या तोंडात दोन शब्द तयारच असतात. "उपक्रम स्तुत्य आहे," सर म्हणाले. "तरुणांनी याचा अवश्य लाभ घ्यावा." समोर मोबाइल धरून एक मुलगी ते टिपत होती.

मग मागचं टेबल उघडलं. तीन दिवसांच्या मोठ्या कोर्सची किंमत, त्यावर फुली, खाली 'फक्त आज'ची किंमत. "सरांना तर आणखी खास!" असं म्हणत त्यांना रांगेत सगळ्यांच्या पुढे नेलं. मी खांद्यावरच होते. पाया पडलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे त्यांना कुठल्याच पदवीने शिकवलं नव्हतं. त्यांनी चेक लिहिला.

त्या तीन दिवसांत मी कपाटात होते. सुनंदाबाईंनी चौथ्या दिवशी चहा देताना विचारलं, "काय शिकवलं ते मला सोप्या मराठीत सांगा."

सरांनी कप बशीत ठेवला. "मनाची तयारी... कर्ज कसं मागावं, थोडंसं... आणि मग ते म्हणाले, खरं तंत्र पुढच्या लेव्हलला आहे. त्याची फी वेगळी."

"म्हणजे काहीच नाही."

"तसं नाही. बहुतेक माझंच लक्ष कमी पडलं. बाकीचे माना डोलावत होते."

"पुढच्या बाकावर बसून लक्ष कमी पडलं?"

शिकलेल्या माणसाची ही एक खोड मी पाहिली. समजलं नाही की तो आधी स्वतःलाच नापास करतो. पैसे परत मागायला त्यांनी फोन केला, तेव्हा पलीकडून अतिशय गोड आवाज आला, "सर, रिफंडसाठी पहिल्या दिवशी चहाच्या सुट्टीआधी सांगायचं असतं." सर म्हणाले, "बरोबर आहे, माझ्या लक्षात यायला हवं होतं." आणि फोन ठेवून त्यांनीच 'सॉरी' म्हटलं, रिकाम्या खोलीला.

एवढ्यावर संपलं असतं तर माझी गोष्ट सांगण्यासारखी नव्हती. एक दिवस वनमालाबाई घरी आल्या. या सरांच्याच कॉलेजच्या ऑफिसात होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. मूळच्या मालवणकडच्या, राहायला नाहूरला, एका खोलीत, मुलगा सुयोगबरोबर. सुयोगला नोकरी आहे, लग्न जमत नाही.

"मुलीकडचे येतात, चहा पितात, भिंतींकडे बघतात नि जातात," त्या म्हणाल्या. "परवा एक बाई तर विचारते, दोघं झोपणार कुठे? मी म्हटलं, गो बाय, माझ्या डोक्यावर!" आणि मोबाइल पुढे केला. "पण आता मार्ग सापडला ना, सर. हे बघा, तुम्ही!"

मोबाइलवर मी होते. सरांच्या खांद्यावर, झगमगत. सर म्हणत होते, अवश्य लाभ घ्यावा.

"ग्रॅच्युइटीचे पैसे पडून आहेत. रविवारी भरून टाकते मोठ्या कोर्सचे. मला दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर नसता विश्वास ठेवला. पण तुम्ही म्हणताय म्हटल्यावर..."

"जरा सर्व बाजूंनी विचार करून मग..." सर पुटपुटले.

"तुम्ही केलात ना विचार? मग मी आणखी काय करणार डोंबल!"

त्या हसत हसत गेल्या. दार लागल्यावर सुनंदाबाई म्हणाल्या, "का नाही सांगितलंत?"

"सांगायचं म्हणजे मी फसलो हे सांगायला हवं. कॉलेजभर होईल."

"होऊ दे. तिच्या आयुष्यभराच्या नोकरीचे पैसे आहेत ते. तुमची लाज तिच्या पैशांनी झाकताय?"

शनिवारी त्यांनी दोनदा फोन उचलला आणि दोनदा ठेवला. रविवारी सकाळी मला कापडी पिशवीत घालून ते अंधेरीला निघाले.

हॉलच्या बाहेर नावनोंदणीची रांग होती. वनमालाबाई रांगेत होत्या, इस्त्रीची साडी, पर्स काखेत घट्ट. सरांनी आधी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. धीर झाला नसावा. ते टेबलाशी गेले आणि मला समोर ठेवलं.

"ही परत घ्या. आणि तो व्हिडिओ काढून टाका."

टेबलामागची मुलगी हसली. "सर, सत्कार कधी परत घेतात का? आणि व्हिडिओचं मार्केटिंग टीम बघते."

एवढ्यात आतून चंद्रप्रकाशजी आले. "गुरुजी!" म्हणत थेट वाकले. सर मागे सरकले.

"पाया पडू नका. आधी ऐका." त्यांचा आवाज रांगेला ऐकू जात होता. "मी तीन दिवस बसलो. घर कसं घ्यायचं ते मला कळलं नाही. पैसे परत मिळाले नाहीत. व्हिडिओत मी जे बोललो ते सवयीने बोललो. ते खरं नव्हतं."

चंद्रप्रकाशजी जराही रागावले नाहीत. त्यांनी आवाज मऊ केला. "सरांना बरं वाटत नाहीये. पाणी आणा रे. खुर्ची द्या." आणि बोलता बोलता मला टेबलावरून उचललं, झटकून उलगडलं आणि सरांच्या खांद्यांवर टाकायला पुढे केलं. पुन्हा तेच. या वेळी सरांनी माझा काठ मुठीत पकडला. एक टोक त्यांच्या हातात, एक चंद्रप्रकाशजींच्या. मी मधे ताणलेली. फाटेन असं वाटलं. फाटले असते तरी चाललं असतं.

"सोडा हो ती!" वनमालाबाई रांग सोडून आल्या. "म्हातारा माणूस पडेल ना! सत्कार करताय की कुस्ती?" त्यांनी मला ओढून घेतलं आणि दुसऱ्या हाताने सरांचा दंड धरला. दोघं बाहेर पडले. एक जोडपंही मागोमाग निघालं. बाकीची रांग होती तशीच होती.

बाहेर रिक्षा मिळेना. वनमालाबाईंचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं त्या आभार मानतील.

"त्या दिवशी घरीच का नाही सांगितलंत, सर?"

"भीती वाटली."

"कसली? मी काय खाणार होते तुम्हाला?" त्यांनी डोळे पुसले. "आता सुयोगच्या खोलीचं काय करू मी?"

"मला माहीत नाही, वनमालाबाई."

"तुम्ही पीएचडी ना?"

"हो."

"नि माहीत नाही?"

"नाही."

"तो मेला कोच तरी म्हणत होता, होईल," त्या म्हणाल्या. "खोटं का होईना, म्हणत होता."

खरं उत्तर सरांकडे नव्हतं आणि दुसरं देण्याची त्यांना आता हिंमत नव्हती. रिक्षा आली तेव्हा वनमालाबाई मला त्यांच्या हातात देऊ लागल्या. सरांनी मान हलवली. "मग टाकायची कशाला चांगली शाल?" म्हणत त्यांनी मला पर्सवर दुमडून घेतलं.

अशी मी नाहूरला आले. इथे पहिल्यांदाच माझी घडी कायमची मोडली. वनमालाबाईंनी खिळ्यापासून खिडकीच्या गजापर्यंत दोरी बांधली आणि मला पडद्यासारखं तिच्यावर टाकलं. ओट्याच्या बाजूला त्या, खिडकीच्या बाजूला सुयोग.

"घे, झालं वन बीएचके," त्या म्हणाल्या.

"आई, कार्पेट एरिया किती गं?"

"गप रे मेल्या, तुझी तंगडी बाहेर दिसतेय आधी!"

दोघं हसले. त्या दिवसापासून फोडणीचा धूर माझ्यात बसतो आणि सोनेरी पट्टीला काळेपणा चढतोय. सुयोगचं लग्न अजून जमलेलं नाही. पैसे बँकेत आहेत, त्यात घर येत नाही. सर व्हिडिओ काढून टाकण्यासाठी अर्जावर अर्ज पाठवतात असं ऐकते. तो अजून फिरतोच आहे. कोणी वनमालाबाईंना सरांबद्दल विचारलं तर त्या म्हणतात, "माणूस चांगला. पण त्यांना काही विचारू नका, ते खरं सांगतात." हे कौतुक आहे की टोमणा, मला सांगता येत नाही.

तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. कोणी शाल घेऊन तुमच्याकडे आलं, तर जरा हात वर करून त्याला थांबवा. तुमचं बोलणं पुरं होऊ द्या, समोरच्याचं उत्तर येऊ द्या. मग पांघरा हवं तर. आम्हाला घाई नसते. घाई पांघरणाऱ्याला असते.

आता मला जाऊ द्या. सुयोगला बघायला आज मुलीकडचे पाहुणे यायचे आहेत, आणि त्यांच्यासमोर बरं दिसत नाही म्हणून वनमालाबाई मला दोरीवरून काढतायत. पाहुणे आत येतील, चहा घेतील, आणि त्यांना एकच खोली दिसेल. आहे तेवढी.