आटत चाललेली मांडी

मित्रांनो, मी स्नायूंना विजेचे बारीक झटके देणारे एक जुने यंत्र आहे. दोन वायरी, चार चिकट पट्ट्या आणि एक गोल बटण, एवढाच माझा संसार. कारखान्यातून मी थेट इस्पितळात आले. तिथे पुष्कळ पाय हलवले, शाबासकीही मिळवली. पण एका बाईंचा पाय काही केल्या विसरता येत नाही.

त्या बावीस वर्षे बस चालवत होत्या. एके सकाळी डेपोत चहा पिता पिता त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली. घास गिळता येईना, म्हणून नाकातून नळी घातली. अशा आजारात शरीर स्वतःचेच स्नायू खाऊ लागते. ते थोपवायला मला आणले.

फिजिओ ताई रोज दोनदा माझ्या पट्ट्या त्यांच्या मांडीवर चिकटवत. मी झटका दिला की मांडी टरारून उठे. बाईंची मुलगी हरखून म्हणे, "बघा, आई ब्रेक दाबतेय!"

पण सोमवारी ताईंनी टेपने मांडी मोजली, तर ती दीड सेंटिमीटर कमी भरली. पुढच्या सोमवारी आणखी दोन. ताईंनी वायरी बदलल्या, पट्ट्या नव्या आणल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तिसऱ्या सोमवारी ताईंनी मुलीने तयार केलेली, नळीतून द्यायच्या आहाराची बाटली उजेडात धरली. तिच्यातून पलीकडची खिडकी स्वच्छ दिसत होती.

"यात प्रथिनांची पावडर किती चमचे घातलीस?"

मुलगी पावडरच्या डब्याचे झाकण घट्ट लावू लागली.

"अगं, बोल ना!"

"एकच. चार सांगितले होते, पण घट्ट झालं की नळी तुंबते. मागे तुंबली, तेव्हा नवी घालताना आई किती गुदमरली! मला ते परत बघवणार नाही हो, ताई."

ताई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "घाबरलीस, ते कळतं गं मला. पण सांगायचंस ना! आपण दोघी त्यांच्याकडून उपाशीपोटी व्यायाम करून घेतोय."

लगेच आहारतज्ज्ञ बाई आल्या. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवायची, गाळून घ्यायची, मग नळी पाण्याने धुवायची, असे त्यांनी शिकवले. मुलीने तसेच केले. बाटली उतरेपर्यंत तिने नळीवरची नजर हटवली नाही. नळी तुंबली नाही.

पुढच्या सोमवारी मांडी होती तेवढीच राहिली. त्यानंतर अर्धा सेंटिमीटर भरली. काही आठवड्यांनी नळीही निघाली, आणि एका दुपारी, मी बंद असताना, बाईंचा गुडघा गादीवरून आपला आपण उचलला गेला. मुलगी ढसाढसा रडू लागली. बाई अडखळत म्हणाल्या, "रडतेस काय... भूक लागलीय मला."

त्यांना पुन्हा बस चालवता आली नाही. पण काठी टेकत त्या आपल्या पायांनी घरी गेल्या.

आता माझ्याहून नवी यंत्रे आली आहेत आणि मी कपाटात धूळ खात असते. माझी एकच विनवणी आहे. घरात कुणी असे आजारी असेल, तर त्याच्या पोटात काय आणि किती जाते, ते रोज पाहा. भीती वाटली तर लपवू नका, विचारा. माझी पट्टी वाळली तर दुसरी मिळते. वाळलेले माणूस भरून यायला फार दिवस लागतात.