हवा कुठून येते

आईने उजव्या पायाच्या अंगठ्याला सुई टोचून दाखवली. "बघ, दुखलं. कळतंय मला. आता पुढे काय?"

"पुढे गाडी," मी म्हणाले.

"गाडी संध्याकाळी जाणार आहे," बाबा खिडकीपाशी उभे राहून बोलले. "गिऱ्हाईक येतंय."

"अजून संध्याकाळ झाली नाही," आई म्हणाली आणि चपला घालायला लागली. मग थांबली आणि बूट घातले.

आई नर्स आहे. हॉस्पिटलातली नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन ती जखमा धुते, नळ्या बदलते, इंजेक्शनं देते. तिचे पेशंट शहराच्या कडेकडेला, जिथे बस मनात आलं तर जाते. गाडी गेली की तिचं काम गेलं. मागच्या वर्षी तिला उजव्या बाजूला अर्धांगाचा हलका झटका आला. त्यातून ती उठली, चालायला लागली, डॉक्टरांनी तपासून गाडी चालवायलाही परवानगी दिली. आणि गेल्या आठवड्यात एका पेशंटच्या दारात ती गाडी थांबवत असताना गाडी थांबलीच नाही. उडी मारल्यासारखी पुढे गेली आणि फाटकाचा खांब आडवा झाला. त्या खांबाला टेकून रोज बसणारे आजोबा नुकतेच पाणी प्यायला आत गेले होते.

"माझा पाय ब्रेकवरच होता," आई तेव्हापासून सांगत होती. आधी सगळ्यांना, मग फक्त मला.

बाबांचं म्हणणं, पाय सरकला असणार आणि तिला कळलं नसणार. यावर आई भांडायची नाही. गप्प व्हायची, आणि त्या गप्प होण्याचीच मला भीती वाटायची. आपला पाय काय करतोय ते आपल्याला कळत नाही, हे एकदा कबूल केलं की उद्या हातावर तरी भरवसा कसा ठेवायचा? सुई हातानेच टोचायची असते.

माझ्याकडे एकच मुद्दा होता. गाडी जुनी, ऑटोमॅटिक गिअरची, आणि उभी असताना तिची रेस जास्त होती. तापलेलं इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्यांच्या आसपास फिरायला हवं. आमचा काटा दीड हजाराच्या खाली यायला तयार नव्हता. अशी गाडी गिअरमध्ये टाकली की ब्रेक दाबलेला असतानाही पुढे रेटत राहते, आणि पाय जरा हलका पडला की झेपावते. म्हणजे दोष गाडीचा असू शकत होता. मला तो गाडीचाच हवा होता.

गॅरेजवाल्याने हात झटकले होते. "ताई, म्हातारी गाडी आहे. धाप लागायचीच."

बाबांनी मात्र शब्द दिला होता: दोष सापडला आणि निघाला, तर गिऱ्हाईकाला परत पाठवीन.

मी अंगणात बॉनेट उघडलं. इंजिनाला जास्त फिरायचं तर जास्त हवा लागते. आत आलेल्या हवेच्या हिशेबाने गाडी पेट्रोल सोडते, बाकी तिला अक्कल नाही. तेव्हा प्रश्न एकच होता: ही जादाची हवा येते कुठून?

आधी रबरी नळ्या. जुनं रबर चिरतं आणि हवा चोरवाटेने आत शिरते. आईने बॅगेतून स्टेथोस्कोप आणून दिला. "फुसफुस ऐकू येते का बघ. घाई करू नकोस, एका जागी चार श्वास थांबायचं."

"आई, याला श्वास नसतो."

"मग धाप कशी लागते म्हणे?"

मी जोडांवर साबणाचं पाणी शिंपडलं, एकेक नळी चिमटीत दाबली. सूर बदलला नाही.

"हे नाही?" आईने विचारलं.

"हे नाही."

मग ॲक्सिलरेटरची केबल. ती ताणलेली असती तर पेडल न दाबताही रेस राहिली असती. पण तिला हवी तेवढी ढील होती. मग तापमान सांगणारा सेन्सर. तो बिघडला तर गाडीला आपण अजून थंडच आहोत असं वाटतं आणि ती आपली ऊब आणत बसते. तो काढून मीटरवर तपासला. तो खरं बोलत होता.

"हे पण नाही?" आईचा आवाज प्रत्येक वेळी थोडा लहान होत होता.

पायरीवरून बाबा म्हणाले, "दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!"

आईने माझ्यासाठी धरलेला टॉर्च हलू दिला नाही. "यातली म्हैस कोण, तेही सांगून टाका."

बाबा ओशाळले. "अगं, म्हण आहे ती."

"हो ना. माझ्याच वेळी आठवली."

फाटकाबाहेर कुठलीही गाडी मंदावली की आम्ही तिघंही वर बघत होतो. माझ्या बोटांना काळं तेल लागलं होतं आणि डोक्यातली कारणं संपत आली होती. शेवटी मी हवेचा जाड पाइप काढला. उभ्या गाडीला लागणारी हवा आत एका लहानशा भोकातून येते. मोठ्या वाटेवर ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडणारी तबकडी असते, ती तेव्हा बंद हवी. मी इंजिन चालू ठेवून ते भोक अंगठ्याने बंद केलं. इंजिनाने गुदमरायला हवं होतं. त्याला पत्ताच लागला नाही.

म्हणजे हवा मोठ्या वाटेनेच येत होती.

मी इंजिन बंद केलं आणि तबकडीमागे टॉर्च धरला. कडेला उजेडाची कोर दिसली, नखाएवढी. तबकडी पुरती मिटत नव्हती, कारण तिला अडवणारा एक बारका स्क्रू पुढे आला होता. कारखान्यात त्यावर लावलेला पिवळा रंग फुटलेला होता आणि डोक्यावर ओरखडे होते.

"बाबा, या स्क्रूला कोणी हात लावला होता?"

"कुठल्या स्क्रूला?" ते जरा लवकरच म्हणाले.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली की नुसतं बघणंही पुरतं.

"अगं, दोन वर्षांपूर्वी सिग्नलला बंद पडायची ना ती," बाबा म्हणाले. "मागचे हॉर्न मारायचे, तू रडकुंडीला यायचीस. मी थोडा पिळला. मग अजून थोडा. बंद पडायची थांबली की नाही?"

सगळं जुळलं. तेव्हा आत काजळी साचून ते लहान भोक तुंबलं होतं, म्हणून गाडी बंद पडायची. बाबांनी तबकडी उघडी ठेवून वेळ मारून नेली. गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगमध्ये काजळी साफ झाली, स्क्रू मात्र तिथेच राहिला.

मी तो मागे घेतला, तबकडी मिटेपर्यंत. पाइप जोडला, गाडी चालू केली. काटा वर गेला, रेंगाळला, मग उतरत उतरत आठशेवर येऊन बसला. इतकी शांतता झाली की शेजारच्या घरातला नळ ऐकू आला.

"म्हणजे मीच!" बाबा ओरडले. "खांब मी पाडला! अगं, गाढव मी आहे!" स्वतःचा गाढवपणा सिद्ध झाल्यावर इतका आनंदलेला माणूस मी पाहिला नव्हता. गिऱ्हाईकाला फोन करायला ते जवळजवळ पळतच आत गेले.

आई ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती. स्टिअरिंगवरून हात फिरवत होती.

"एक शेवटचं," मी उघड्या दारातून म्हणाले. "ब्रेकलाही इंजिनाकडून एक नळी जाते. तीही बघून घेऊ, ती गळत असेल तर ब्रेक दाबल्यावर काटा हलेल. गिअर पार्किंगमध्येच राहू दे. ब्रेक दाब."

आईने पाय दाबला. काटा वर चढला.

क्षणभर मला बरंच वाटलं. अजून एक दोष, तोही गाडीचा. नळी कुठून जाते ते बघायला मी खाली वाकले आणि तिचा बूट दिसला. अर्धा ब्रेकवर होता. बाहेरची कड ॲक्सिलरेटरवर. दोन्ही पेडलं एकदम खाली जात होती.

"दाबलायस ना?"

"दाबलाय की, पूर्ण." ती समोर बघत होती.

"सोड."

काटा उतरला.

"दाब."

चढला. या वेळी तिनेही तो पाहिला.

"आई, पायाकडे बघ."

तिने पाहिलं नाही. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. "पाय ब्रेकवर आहे माझा. मला कळतंय ना गं, ब्रेकवर आहे."

आतून बाबांचा आवाज येत होता. ते कोणाला तरी हसत हसत सांगत होते, नाही हो, विकायचीच नाही आता.

"तू ती नळी म्हणालीस ना?" आई म्हणाली. "तीच असेल. शोध अजून."

"आई..."

"शोध ना गं."

मी इंजिन बंद केलं, चावी माझ्या खिशात टाकली आणि पुढे जाऊन बॉनेट उचललं. त्याच्या आड मी तिला दिसत नव्हते, ती मला. ब्रेकची नळी धडधाकट होती. मी पाना घेतला, तिथला एक नट सैल केला आणि परत आवळला. मग पुन्हा सैल केला, जरा जोरात, तिला आवाज जावा म्हणून.